१०० किलोंवरचा ज्युदो: पॅरिस २०२४ ची अंतिम लढत, पकड आणि शिदोचं गणित

१. हिकिते

ऑलिंपिकच्या मोठ्या धाग्यात या गटाची चर्चा "रिनेर जिंकला, भारी" एवढ्यावरच मिटली, म्हणून हा वेगळा धागा.

आधी निकाल. पुरुष, १०० किलोंवरील गट, २ ऑगस्ट २०२४, शां द मार्स अरेना, पॅरिस. सुवर्ण टेडी रिनेर (फ्रान्स), रौप्य किम मिन-जोंग (कोरिया), कांस्य तेमुर राखिमॉव्ह (ताजिकिस्तान) आणि अलिशेर युसुपॉव्ह (उझबेकिस्तान). अंतिम लढत हराई गोशीवर (कमरेवर घेऊन पायाने झाडून फेकण्याचा डाव), इप्पोनने (पूर्ण गुण, तिथेच लढत संपते) सुटली.

किम काही लेचापेचा नव्हे. त्याच वर्षी मे महिन्यात अबू धाबीत तो विश्वविजेता झाला होता. कोरियाला या गटात १९८५ नंतर मिळालेलं ते पहिलं विश्वविजेतेपद. तरी पॅरिसला तो पडला. सगळे रिनेरच्या कमरेबद्दल आणि त्याच्या २०४ सेंटीमीटर उंचीबद्दल बोलतात. माझं म्हणणं वेगळं आहे: या गटात लढत कमरेवर सुटते, पण ठरते उजव्या हाताच्या पंजावर. पंजा मानेमागे बसला की अर्धं काम झालं. तो बसूच द्यायचा नाही ही दुसऱ्याची अर्धी लढत. बाकीचे डाव त्यानंतरचे.

असहमत असाल तर बिनधास्त लिहा.

२. लाल माती

असहमत वगैरे नाही, पण एक बाळबोध प्रश्न. समोर दोन मीटर उंच माणूस उभा आहे, त्याचे पाय खांबासारखे उघडे दिसताहेत. आमच्याकडचा कुठलाही पैलवान पहिल्या झटक्यात खाली वाकून पट काढेल. किमसारखा बुटका (म्हणजे त्याच्यापुढे बुटका) गडी उंच माणसाच्या गळ्याशी का झोंबत बसतो?

३. पंचनामा

कारण पट काढायला बंदी आहे. २०१० मध्ये उभ्याने पायाला थेट हात घालून हल्ला करणं बंद झालं, फक्त प्रतिडावात किंवा दुसऱ्या डावाला जोडून सूट होती. २०१३ पासून तीही गेली. उभ्या लढतीत कमरेखाली हात लावून हल्ला किंवा बचाव केला की दंड. सुरुवातीला थेट बाद करत, आता पहिल्या वेळी शिदो (छोटा दंड) देतात. जमिनीवर लढत गेल्यावर पायाला हात लावता येतो.

याचा सर्वांत मोठा फायदा उंच माणसाला झाला, हे खरं. पूर्वी उंच माणूस हात मानेमागे टाकायला गेला की त्याची काख उघडी पडायची आणि बुटका गडी तिथून खाली घुसून मोरोते गारी (दोन्ही पाय धरून पाडणं) किंवा काता गुरुमा (खांद्यांवर उचलून फेकणं) करायचा. ती भीती संपली, त्यामुळे आता मानेमागचा हात बिनधोक टाकता येतो. म्हणजे हिकिते म्हणतात त्या पंजाचं महत्त्व थोडं नियमांनीच वाढवलंय.

४. हिकिते

बरोबर. लाल माती, तुमच्या भाषेत सांगायचं तर: सेओई नागे म्हणजे धोबीपछाडीचा सख्खा भाऊ, ओसोतो गारी बाहेरच्या टांगेच्या जवळचा, ओउचि गारी आतल्या टांगेच्या, आणि हराई गोशी ढाकेच्या घराण्यातला. फरक एवढाच की कुस्तीत उघडं अंग धरायचं असतं, इथे कापड. कापड घट्ट बसतं, घामाने निसटत नाही. म्हणून एकदा पकड बसली की ती सोडवायला फार ताकद जाते.

आता हराई गोशी नीट उलगडतो, कारण पॅरिसचा शेवट त्यावरच झाला. उजव्या हाताच्या खेळाडूचं वर्णन करतोय.

उजवा हात, म्हणजे त्सुरिते, समोरच्याच्या कॉलरला कानाच्या मागे किंवा खांद्यावरून थेट पाठीवर. डावा हात, म्हणजे हिकिते (माझं नाव त्यावरूनच), त्याच्या उजव्या बाहीला कोपराच्या थोडं खाली. आता लोक चूक करतात ती अशी की उजव्या हाताने जोरात ओढतात आणि डावा हात झोपवून ठेवतात. डाव्या हाताने त्याचं कोपर वर आणि बाहेर न्यायचं, मनगटावरचं घड्याळ बघतो तसं आपलं मनगट डोळ्यांसमोर आलं पाहिजे. यामुळे त्याचा तोल त्याच्या उजव्या पायाच्या चवड्यावर येतो. मग आपलं उजवं पाऊल त्याच्या दोन पावलांच्या मध्ये, थोडं त्याच्या उजव्या पायाकडे. डावं पाऊल मागून फिरवून उजव्याच्या जवळ, गुडघा वाकलेला. वळताना आपली छाती आणि त्याची छाती यांच्यात वीतभरही जागा उरता कामा नये. शेवटी उजवा पाय त्याच्या उजव्या मांडीच्या बाहेरून मागे झाडायचा आणि मान डावीकडे वळवायची. मान वळली नाही तर खांदा वळत नाही, खांदा वळला नाही तर समोरचा पाठीवर न पडता कुशीवर पडतो. इप्पोनचा वाझा-आरी (अर्धा गुण) होतो तो इथे.

जड गटात दोन गोष्टी हमखास बिघडतात. डावं पाऊल पुरेसं आत येत नाही, कारण दीडशे किलोंच्या माणसाला फिरायला वेळ लागतो. मग कंबर लागतच नाही, एका पायावर उभं राहून नुसती झटापट होते आणि समोरचा कंबर पुढे घालून उरा नागेने मागे फेकतो. दुसरं म्हणजे डावा हात खाली राहतो. मग समोरचा सरळ उडी मारून झाडणारा पाय ओलांडतो आणि आपण स्वतःच्याच जोराने तोंडावर.

५. पंचनामा

तोंडावर पडण्यावरून: हराई गोशी किंवा उचि माता (मांडीच्या आतून पाय झाडायचा डाव) मारताना डोकं पुढे खुपसून चटईवर टेकवलं तर थेट हान्सोकु-माके, लढत संपली. मानेच्या मणक्याला धोका म्हणून. शंभर किलोंवर हा धोका किती वाढतो ते वेगळं सांगायला नको.

६. वजनकाटा

"दीडशे किलो" वरून आठवलं. या गटाला वरची मर्यादाच नाही. ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइल कुस्तीत सर्वांत वरचा गट १२५ किलोंवर थांबतो. ज्युदोत शंभरच्या वर असलात की झालं, मग एकशे पाच असा नाहीतर एकशे सत्तर.

वजनं आदल्या संध्याकाळी होतात. खालच्या गटांत लढतीच्या दिवशी सकाळी चिठ्ठी काढून काही जणांना पुन्हा काट्यावर उभं करतात आणि मर्यादेपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त भरलात तर बाद. म्हणजे १०० किलोंखालच्या गटातला खेळाडू रात्रभर खाऊन-पिऊन १०५ च्या पुढे गेला की घरी. वरच्या गटाला ही कटकट नाही. पाणी तोडणं नाही, घाम गाळण्याचे कपडे नाहीत. म्हणून हा गट बाहेरून आरामाचा वाटतो.

आराम नाही. लढतीची वेळ चारच मिनिटं, पण बरोबरीत सुटली तर गोल्डन स्कोअर, म्हणजे पहिला गुण घेईल तो जिंकला, आणि त्याला वेळेची मर्यादा नाही. दोन लढतींमध्ये हक्काची विश्रांती १० मिनिटं. पदकापर्यंत जायचं तर एका दिवसात चार-पाच लढती. १६० किलोंच्या शरीराला प्रत्येक लढतीनंतर श्वास खाली आणायला जो वेळ लागतो, तो १२० किलोवाल्यापेक्षा बराच जास्त. त्यामुळे हलका माणूस पहिल्या लढतीत वजनाने मार खातो, पण चौथ्या लढतीत दम शिल्लक असण्याचा फायदा घेतो.

पोलंडचा लुकाश क्रपालेक बघा. २०१६ ला रिओत १०० किलोंखालच्या गटात सुवर्ण, मग वर सरकला, २०१९ ला तोक्योत वरच्या गटाचा विश्वविजेता, आणि २०२१ मध्ये झालेल्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये वरच्या गटाचं सुवर्ण. अंतिम लढतीत गुराम तुशिश्विलीला हरवलं. वजनात तो आजूबाजूच्यांपेक्षा हलकाच होता.

७. ठाणेकर ज्युदोप्रेमी

वा, मस्त धागा. एक शंका: किमने पॅरिसला उपांत्य फेरीत जपानच्या साइतोला सेओई नागेने पाडलं. इतक्या जड माणसाला पाठीवर घेताच येत नाही असं ऐकलं होतं. मग?

८. हिकिते

"पाठीवर घेणं" हा शब्दच घोटाळा करतो. साइतो तात्सुरु १९१ सेंटीमीटर आणि दीडशेच्या बराच पुढे. त्याला उचलून पाठीवर घ्यायला गेलात तर स्वतःचे गुडघे आणि कंबर गमावाल. जड गटात सेओई उचलून नाही, खाली जाऊन मारतात. समोरच्याचा तोल पुढे आलेला असतानाच त्याच्या कंबरेखाली शिरायचं, इतकं की त्याच्या पायांना पुढे टेकायला जागाच उरत नाही. मग तो स्वतःच्या वजनानेच खांद्यावरून पुढे जातो. आपण फक्त त्याला वाट दाखवायची.

यासाठी त्याने पुढे ढकलत यायला हवं. जड माणसं वजनाच्या भरवशावर ढकलतात, तेच त्यांचं दुखणं. ढकलणारा सापडला की सेओई, मागे रेलणारा सापडला की ओसोतो किंवा ओउचि.

बिघडतं कुठे? तोल पुढे नसताना गुडघ्यावर बसलात तर समोरचा तुमच्या पाठीवर आरामात बसतो. शंभर-दीडशे किलो पाठीवर घेऊन कासवासारखं पडून राहायचं, वरून तो गळ्याशी किंवा हाताशी खेळणार. आणि दोन-तीनदा असा पोकळ हल्ला केलात की पंच "खोटा हल्ला" म्हणून शिदो देतात. फेकायचा हेतू नसताना फक्त वेळ काढायला खाली बसणं म्हणजे खोटा हल्ला.

९. लाल माती

हा शिदो प्रकार काय तो एकदाचा समजावा. टीव्हीवर बघताना दोन माणसं एकमेकांची बाही ओढत फिरतात, पंच मध्येच थांबवून हाताची चाकं फिरवतात, कुणाला तरी पिवळं दाखवतात, आणि शेवटी कुणीच न पडता एक जण जिंकतो. मातीत असं झालं तर प्रेक्षक हुर्यो उडवतील.

१०. पंचनामा

हुर्यो तिथेही उडवतात, काळजी नसावी.

तीन शिदो म्हणजे हान्सोकु-माके, लढत हरलात. दोनपर्यंत गुणफलकावर थेट फरक पडत नाही. चार मिनिटं संपताना एकाला दोन शिदो आणि दुसऱ्याला शून्य असेल तरी लढत गोल्डन स्कोअरमध्ये जाते. तिथे शिदो पुसले जात नाहीत. म्हणजे दोन शिदो घेऊन गोल्डन स्कोअरमध्ये गेलेला माणूस काठावर उभा असतो.

जड गटात शिदो कशाकशाला मिळतात ते बघा, म्हणजे पकडीच्या भांडणाचा अर्थ लागेल. पकड घ्यायचीच नाही, हात मागे ठेवून पळायचं: शिदो. स्वतःची कॉलर हाताने झाकून ठेवायची: शिदो. पकड घेतली पण हल्लाच नाही: शिदो. चटईच्या बाहेर पाऊल टाकलं किंवा हल्ला न करता समोरच्याला बाहेर ढकललं: शिदो. बाहीच्या तोंडात बोटं घातली: शिदो. बोटांत बोटं अडकवून समोरच्याला रोखलं: शिदो. मुद्दाम पट्टा सैल करून श्वास घ्यायला वेळ काढला: शिदो. या शेवटच्या युक्तीवर जड गटात पंचांचा विशेष डोळा असतो.

आणि एक महत्त्वाचा: मानेमागे हात टाकून समोरच्याला नुसतं वाकवून ठेवलं आणि लगेच हल्ला केला नाही, तर वाकवणाऱ्याला शिदो. हाच नियम उंच माणसाला काबूत ठेवतो. नाहीतर रिनेरच्या उंचीचा माणूस चार मिनिटं समोरच्याचं डोकं खाली दाबून उभा राहिला असता.

गंमत अशी की अनेकदा वाकवणाऱ्याऐवजी वाकलेल्याला दंड होतो. कारण तो वाकल्यावर कंबर मागे काढून बचावात्मक उभा राहतो आणि पंचाला तोच नकारात्मक दिसतो. म्हणून प्रशिक्षक ओरडत असतात ते बहुतेक "सरळ उभा राहा" असंच असतं.

११. हिकिते

पंचनामा यांनी नेमकं बोट ठेवलं. मग बुटक्या माणसाने मानेमागचा हात कसा रोखायचा?

पहिली गोष्ट, हात येण्याआधी बाही घ्यायची. रिनेरसारख्याचा उजवा हात हवेत असतानाच आपल्या डाव्या हाताने त्याच्या उजव्या बाहीचं टोक पकडून खाली, त्याच्या स्वतःच्या मांडीकडे दाबायचं. तो हात खांद्याच्या रेषेवर चढला की उशीर झाला. दुसरं, चढलाच तर मागे सरकायचं नाही. मागे सरकलं की हात लांब होतो आणि जास्त खोल बसतो. उलट छाती पुढे घालून जवळ जायचं, त्याच्या हाताच्या बाजूला गोल फिरायचं, खांदा वर करून डोकं काखेखालून बाहेर काढायचं. डोकं बाहेर आलं की लगेच हल्ला हवा, कारण एकाच बाजूला दोन्ही हात धरून नुसतं उभं राहिलात तर तुम्हालाच शिदो. तिसरं, फिरायची दिशा. उजव्या हाताच्या माणसाला हराई गोशीसाठी तुम्ही त्याच्या उजव्या पायासमोर हवे असता. म्हणून तिथे राहायचंच नाही.

कागदावर सोपं आहे. चटईवर समोरचा २०४ सेंटीमीटरचा आणि तुम्ही सुमारे वीस सेंटीमीटरने कमी, म्हणजे तुमचा हात त्याच्या कॉलरपर्यंत पोहोचायच्या आत त्याचा तुमच्या पाठीवर.

१२. गोल्डन स्कोअर

रिनेर अजिंक्य आहे असं कुणाला वाटत असेल तर दोन लढती आठवा.

पहिली, ९ फेब्रुवारी २०२०, पॅरिस ग्रँड स्लॅम. जपानच्या कागेउरा कोकोरोने गोल्डन स्कोअरमध्ये रिनेरच्या हल्ल्यावर प्रतिडाव टाकून वाझा-आरी घेतला. २०१० च्या सप्टेंबरात तोक्योला कामिकावा दाइकीकडून खुल्या गटात हरल्यानंतर रिनेर सलग १५४ लढती जिंकला होता, ती मालिका तिथे तुटली.

दुसरी, २०२३ ची दोहा विश्वविजेतेपद स्पर्धा. अंतिम फेरीत इनाल तासोएवचा प्रतिडाव पंचांनी मोजला नाही, सुवर्ण रिनेरला गेलं. नंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने चूक मान्य करून तासोएवलाही सुवर्ण दिलं. एकाच गटात दोन विश्वविजेते.

दोन्हीकडे समान धागा: थकल्यावरचा हल्ला. ताज्या दमाने मारलेल्या हराई गोशीत कंबर आत जाते. पाचव्या-सहाव्या मिनिटाला तोच डाव मारताना कंबर बाहेर राहते आणि पाय एकटाच मागे जातो. तेव्हा समोरच्याला काही विशेष करावं लागत नाही, फक्त बाजूला होऊन आधीच पडत असलेल्या माणसाला आणखी फिरवायचं.

तोक्यो ऑलिंपिकमध्येही रिनेर उपांत्यपूर्व फेरीत तामेर्लान बाशाएवकडून हरला आणि कांस्यावर थांबला.

१३. ठाणेकर ज्युदोप्रेमी

प्रतिडावात गुण कुणाला, हे पंच ठरवतात कसं? दोघेही एकदमच पडतात.

१४. पंचनामा

जमिनीवर आदळताना ताबा कुणाचा, एवढंच बघायचं. सुरुवात कुणी केली हे गौण. इप्पोनसाठी चार गोष्टी लागतात: वेग, जोर, पाठीवर पडणं आणि शेवटपर्यंत ताबा. एखादी कमी पडली की वाझा-आरी. दोन वाझा-आरी म्हणजे इप्पोन.

यावरून जगप्रसिद्ध घोळ सिडनीचा. २००० च्या ऑलिंपिक अंतिम फेरीत फ्रान्सच्या दाविद दुइयेच्या उचि मातावर जपानच्या शिनोहारा शिनिचीने पाय काढून घेत सुकाशी केली. एका कडेच्या पंचाने शिनोहाराला इप्पोन दाखवला, पण गुण युको (वाझा-आरीहून लहान गुण) म्हणून दुइयेला गेला आणि सुवर्णही त्यालाच. सुकाशीत अडचण ही की मारणारा पुढे पडत असतो आणि चुकवणारा त्याच दिशेने जातो, त्यामुळे एका कोनातून पाहिलं तर कुणी कुणाला फिरवलं तेच कळत नाही. आता अनेक कॅमेरे आहेत, तरी दोहाला चुकलंच.

१५. लाल माती

आणि पॅरिसला ती धक्काबुक्की? जॉर्जियाचा तो गडी हरल्यावर खाली पडूनही भांडत होता.

१६. पंचनामा

तुशिश्विली. उपांत्यपूर्व फेरीत रिनेरने त्याला इप्पोनने हरवलं, त्यानंतर तो पायाने आणि हाताने नको ते करून बसला. खिलाडूवृत्तीला सोडून वर्तन म्हणून त्याला लाल कार्ड.

याचा हिशोब फार लोकांच्या ध्यानात आला नाही. ज्युदोत उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघांना रेपेशाजमधून कांस्याची संधी असते. एकाच अर्ध्यातले दोन हरलेले आपसात लढतात, जिंकेल तो दुसऱ्या अर्ध्यातल्या उपांत्य फेरीत हरलेल्याशी कांस्यासाठी. तुशिश्विली बाद झाल्यामुळे युसुपॉव्हला रेपेशाज न लढताच पुढे चाल मिळाली. तो ताजातवाना कांस्याच्या लढतीत उतरला आणि साइतोला हरवून पदक घेऊन गेला. दहा-वीस सेकंदांचा राग, पदकाची संधी गेली. (आणि साइतोचं नशीब बघा. दुसऱ्या दिवशी मिश्र सांघिक अंतिम फेरीत फ्रान्स-जपान ३-३, निर्णायक लढतीसाठी चक्र फिरवलं तर गट आला पुरुषांचा ९० किलोंवरील. म्हणजे पुन्हा रिनेर विरुद्ध साइतो. त्याच अंतिम फेरीत तो रिनेरशी दोनदा हरला.)

१७. वजनकाटा

साइतोवर फार टीका झाली, पण ती थोडी अन्यायाची वाटते. बापाचं नाव साइतो हितोशी, १९८४ आणि १९८८ चा याच वरच्या गटाचा ऑलिंपिक विजेता (तेव्हा तो ९५ किलोंवरील होता). निर्णायक सांघिक लढत सुरुवातीपासूनच गोल्डन स्कोअरने खेळतात. आदल्या दिवशी वैयक्तिक गट, आणि त्या दिवशी सांघिक सामने खेळून झाल्यावर त्या वजनाच्या माणसाला हे सर्वांत महाग पडतं.

१८. निमूट नेवाझा

सगळे उभ्या लढतीवर बोलताहेत. जड गटात जमिनीवर पकडून धरणं ही सर्वांत स्वस्त कमाई आहे आणि तरी कित्येक जण फेकल्यावर उठून उभे राहतात.

धरून ठेवण्याचे नियम: पॅरिसला १० सेकंद म्हणजे वाझा-आरी, २० सेकंद म्हणजे इप्पोन. वाझा-आरीने फेकलं आणि सोडलंच नाही, तर आणखी १० सेकंदांत लढत खलास.

केसा गातामेत (बाजूला बसून छातीवर दाबून धरण्याचा डाव) जड माणसं छातीने दाबण्याऐवजी पोटावर लोळतात. तसं केलं की खालचा पुलासारखी कंबर उचलून तुम्हाला डोक्यावरून पलीकडे टाकतो. बूड जमिनीवर, त्याच्या काखेला चिकटून. त्याचा जवळचा हात आपल्या काखेत घट्ट आवळलेला. बरगड्यांचा भार त्याच्या छातीवर, पोटावर नाही. पाय कात्रीसारखे लांब पसरलेले, पुढचा त्याच्या डोक्याच्या दिशेने. तो पूल करेल त्या दिशेला पाय सरकवायचे, वरचं अंग हलवायचं नाही. आणि आपला पाय त्याच्या पायांत सापडू द्यायचा नाही. त्याने पायाला पाय अडकवला की पंच "तोकेता" म्हणतात आणि घड्याळ थांबतं.

खालच्याने काय करावं? पहिल्या पाच सेकंदांत हालचाल. नंतर छातीवर एवढं वजन असताना श्वासच पुरा भरत नाही, मग ताकद असून उपयोग नाही.

१९६४ ला तोक्योच्या निप्पोन बुदोकानमध्ये खुल्या गटात डच आंतोन गेसिंकने कामिनागा आकिओला याच केसा गातामेने धरून जपानला हादरवलं होतं. साठ वर्षांनीही डाव तोच आहे.

१९. गोल्डन स्कोअर

२०२५ पासून युको परत आला, ते लक्षात घ्या. धरून ५ सेकंद झाले तरी युको. कुशीवर पडण्यालाही आता युको मिळू शकतो. या गटात याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होईल. लढती गोल्डन स्कोअरपर्यंत कमी जातील, हे चांगलं. पण युको घेऊन बचाव करत बसणारेही वाढतील.

२०. पंचनामा

बचाव करत बसला तर शिदो आहेतच. युको घेतला आणि दोन मिनिटं पळाला तर तीन शिदो खायला वेळ पुरतो. मला तर युकोमुळे धरून ठेवण्याची सवय वाढेल असं वाटतं. ५ सेकंद कुणीही धरू शकतो, मग कोण उठून उभा राहील?

२१. निमूट नेवाझा

+१. इतकी वर्षं तेच सांगतोय.

२२. ठाणेकर ज्युदोप्रेमी

अंगरख्याबद्दल कुणी सांगेल का? मोठ्या मापाचा ढगळ घातला तर पकडायला सोपा, घट्ट घातला तर पकडायला अवघड. मग सगळे घट्टच घालत असतील?

२३. वजनकाटा

घालू देत नाहीत. लढतीआधी मोजमाप होतं. समोरच्या पट्ट्या एकमेकींवर किमान २० सेंटीमीटर याव्या लागतात. पोट असलेल्या खेळाडूचा अंगरखा नेमका इथेच नापास होतो, कारण खांद्याला बसतो तो पोटावर पुरत नाही. बाह्या मनगटापर्यंत. विजार घोट्याच्या हाडापासून जास्तीत जास्त ५ सेंटीमीटर वर. पट्टा ४ ते ५ सेंटीमीटर रुंद आणि गाठीनंतर दोन्ही टोकं २० ते ३० सेंटीमीटर. जड गटात दुकानात मिळणारं सर्वांत मोठं माप घेऊन भागत नाही, शिवून घ्यावा लागतो. धुतल्यावर कापड आटतं, म्हणून नवीन अंगरखा दोन-तीनदा धुऊन मगच मोजायचा, आणि पांढरा व निळा दोन्ही. आयत्या वेळी आटलेला निघाला तर धावाधाव.

२४. लाल माती

आपल्याकडचं कुणी या गटात गेलंय का ऑलिंपिकला?

२५. हिकिते

मुंबईचे कावस बिलिमोरिया. १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये जड गटात भारताकडून उतरले होते. अलीकडे पॅरिसला भारताची एकमेव ज्युदोपटू महिलांच्या वरच्या गटातलीच होती, तुलिका मान, ७८ किलोंवरील. पहिल्याच लढतीत क्युबाच्या इदालिस ओर्तिसकडून हरली.

२६. लाल माती

मग आमचा मातीतला एकशे दहा-वीस किलोंचा गडी ज्युदोकडे वळवायचा तर काय बदलावं लागेल? ताकद आहे, दम आहे, डावही आहेत.

२७. हिकिते

ताकद आणि तोल आयता मिळेल. मोडायच्या सवयी तीन. वाकून उभं राहण्याची, कारण इथे तो शिदो आणि वरून मानेमागे हात. पायाला हात घालण्याची, ही सर्वांत उशिरा जाते, दमल्यावर हात आपोआप खाली जातो. आणि पाठ वाचवण्यासाठी पालथं पडण्याची. पालथं पडणं इथे गुन्हा नाही, पण वरचा माणूस गळा आवळू शकतो, कुस्तीत ती भीती नसते.

शिकवायचं ते आधी पडणं. १२० किलोंच्या माणसाने उकेमि न शिकता फेकाफेकी केली तर खांदा किंवा कॉलरबोन जातं. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्याने, आणि जाड गादीवर. हात शरीरापासून साधारण ४५ अंशांत आपटायचा, जास्त लांब गेला की खांद्यावर येतं. हनुवटी छातीला.

दुसरं, पकडीची बोटं. कापड मुठीत धरताना करंगळी आणि अनामिका घट्ट, अंगठा आणि तर्जनी सैल. पैलवान उलटं धरतात, मग मनगट ताठ होतं आणि पुढचा हात दोन मिनिटांत भरून येतो. जुना अंगरखा दांडीवर टाकून त्याला लटकायचा सराव यासाठीच. सुरुवातीला १५-२० सेकंद पुरे.

२८. वजनकाटा

लटकताना जड माणसाने पाय जमिनीला टेकलेले ठेवावेत आणि हळूहळू भार वाढवावा. पूर्ण वजन पहिल्याच दिवशी टाकलं की कोपराच्या आतली बाजू महिनाभर दुखते.

२९. लाल माती

आणि हराई गोशी किती दिवसांनी?

३०. हिकिते

फेकणं नंतर. आधी नुसतं वळून आत जाणं, उचि कोमि, दहा-दहाचे संच, समोरचा स्थिर उभा असताना. डावं पाऊल आपोआप आत येतंय असं दिसलं की मग चालत्या माणसावर, मग गादीवर फेकायला. घाई केलीत तर पाऊल बाहेर राहण्याचीच सवय लागते, आणि ती काढणं नव्याने शिकवण्यापेक्षा कठीण.